घोडीच्या जागंवर पिकप

आमच्याकडं पिकप आली तव्हाच ती म्हातारी व्हती. आष्टीच्या बाजारात एक जन तिच्यातून टमाटे न्यायचा, त्याच्याकडून माज्या पोरानं घेतली. आली त्या दिवशी मी मागं डोकं घालून बगितलं तर नासक्या टमाट्याचा वास. किती धुतली तरी जाईना. मेंढरं बसाया लागली तव्हा कुठं तो गेला, आन् मंग आमचा वास बसला.

त्याच्या आधी आमच्याकडं घोडी व्हती. आमी मेंढरंवाली मानसं. आमचं गाव आष्टीच्या वरच्या माळाला. पावसाळ्यात तिथं काई तरी उगवतं, दिवाळी झाली की माळ न्हाई म्हनाया लागतो. मंग मेंढरं घ्यायची आन् खाली निघायचं, धारूरचा घाट उतरून दिंद्रुडच्या काळ्या रानात. तिकडं कालवा हाय, ऊस हाय, कापूस हाय. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत पडतं म्हनून, आन् आपल्याला ज्वारी देतात. ह्या रानातून त्या रानात असा उन्हाळा काढायचा आन् मिरगाच्या टायमाला परत वर. माजं लगीन झाल्यापासून हेच.

गडीमानसं मेंढरामागं, बाई घोडीपुढं. घोडीवर समदं घर. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, रातच्याला मेंढराभवती लावायची जाळी, आन् दोन्ही अंगाच्या झोळीत वाटंत जन्मलेली कोकरं, नुसती मुंडकी भाईर. वर जागा उरली तर आपलं लेकरू. मी कवा घोडीवर बसले न्हाई. बसू नये असं कुनी म्हनत नव्हतं, जागाच नसायची. दावं हातात धरून चालायचं. पोटुशी असताना बी चालले, ओली बाळंतीन असताना बी चालले. त्याचं काई वाटत नव्हतं, समद्याच चालत व्हत्या.

घोडीच्या गळ्यात पितळंची घंटी व्हती. तिच्या कडंला चीर पडलेली, म्हनून तिचा आवाज साफ येत नव्हता, कुनी तरी खोकावं तसा यायचा. मालकाला म्हनायची मी, दुसरी आना. ते म्हनायचे, राहू दे, ह्या आवाजावर आपली घोडी अंधारात बी वळखू येती.

दिंद्रुडच्या अलीकडं, कालव्याच्या पुलापसून हाकंवर, एका पाटलाचं रान हाय. तिथं आमचा मुक्काम दर वर्षी. माजी लेक झाली त्या साली घाट उतरताना मला ताप भरला, आन् त्या रानात येऊस्तोवर माजं दूध आटलं. लेकरू रडून रडून त्याचा आवाज बसला. मेंढीचं दूध बोटानं चाटवलं तर वकून टाकलं. पाटलाची बायको मजुरांच्या भाकरी घेऊन आलती रानात. माज्याच वयाची, तिचं बी पोर अंगावर पीत व्हतं. तिनं टोपलं खाली ठेवलं, बांधावर बसली, माजं लेकरू घेतलं आन् पदराखाली धरलं. तिच्या सासूनं बगितलं असतं तर काय झालं असतं ते मला बी ठावं, तिला बी ठावं. माजा ताप उतरंस्तोवर ती सकाळ-सांज काई ना काई सबब काढून रानात यायची.

मी तिला म्हनलं, "बाई, तुमचं हे कसं फेडू?"

ती म्हनली, "बाई काय म्हनतीस मला. आता आपून एका लेकराच्या दोन माया झालो."

तव्हापसून मी तिला आक्का म्हनते आन् ती मला घोडीवाली. माजं नाव तिनं कवाच घेतलं न्हाई. दर साली आमची घोडी पुलावर आली की तिला आखाड्यावर घंटी ऐकू जायची. आखाडा म्हंजी त्यांचं शेतातलं पत्र्याचं घर. ती दारात उभी राहायची कंबरंवर हात ठेवून, आन् मी जवळ गेले की एकच बोलायची, "उशीर केलास गं घोडीवाले. भाकरी वाळून गेली." मी लवकर गेले तरी उशीरच असायचा. मी म्हनायची, "तुज्या भाकरीसाठी कोन येतंय? कालव्याचं पानी गोड हाय म्हनून येते." मंग ती भाकरी पुढं करायची, ती कवाच वाळलेली नसायची.

मी तिच्यासाठी काळ्या लोकरीची दोरी वळून न्यायची, लेकरांच्या मनगटाला. ती माज्यासाठी बांगड्या घेऊन ठेवायची, आन् हातात चढवताना म्हनायची, तुजा हात काय हाय का खोरं हाय. पाच-सात दिवस मुक्काम असायचा, कधी पंधरा. तेवढ्यात सालभराचं बोलून घ्यायचं. सासू, दीर, कोन मेलं, कुनाला काय झालं. निघताना ती भाईर यायची न्हाई. म्हनायची, येताना बगायचं मानसाला, जाताना बगू न्हाई.

मंग मालक गेले. मंग घोडी गेली, आमच्याच दारात, म्हातारी व्हऊन. मी पोराला म्हनलं, दुसरी घोडी बग. तो म्हनला, "माय, आता कोन घोडी घेतंय? घोडीला उभ्या जागी बी चारा लागतो. गाडीला चालली तरच लागतं." त्याचं खरं व्हतं. अशी पिकप आली. आन् त्याच टायमाला नातीची शाळा सुरू झाली. सून मेंढरामागं गेली तर पोरीजवळ कोन राहनार? मी राहिले. गुडघं बी धरलेच व्हते, म्हनून कुनाला इचारायची गरज पडली न्हाई. दिवाळीनंतर समदे निघून जायचे आन् मी दारात बसून लोकर कातायची. दोरी तयार व्हायची, नेनार कोन? दिराच्या हाती धाडायची. तो येऊन सांगायचा, पाटलीन बरी हाय. पुढं इचारलं तर म्हनायचा, वयनी, मी काय बायात बसतो का?

एकदा पोरानं मोबाइल लावून दिला. तिकडून तिची सून म्हनली, घ्या आत्या, बोला. मी म्हनलं, आक्का, मी बोलते. तिकडं काईच न्हाई. मंग सुनंचाच आवाज, मावशी, त्यांनी फोन माज्या हातात देला आन् उठून गेल्या, त्यांना ह्यात आवाज कळत न्हाई. त्याच्यानंतर मी परत लावाया सांगितलं न्हाई.

औंदा नात बीडला वसतिगृहात गेली. घरात मी एकली. आन् औंदाच पोरानं पिकप घरी खोलाया काढली.

तो पावसाळ्यात एका दुकानात ट्रॉल्या बनवायच्या कामाला जातो, तिथं वेल्डिंग शिकला. गॅरेजला देत न्हाई म्हनला, गॅरेजवाल्याला इंजिन कळतं, मेंढरू कळत न्हाई. मशीन आनली मागून, आन् दारातल्या बाभळीखाली गाडी उभी केली. खंडेनवमीला त्या मशीनला बी झेंडू वाह्यला आन् भंडारा लावला. आधी मागचा फाळका उतरवला. मंग तळाचा पत्रा. तो कुजून चाळनी झालता, मेंढराचं मूत लोखंडाला लई वाईट. खाली पाटे व्हते, ज्यावर गाडी वर-खाली व्हती ते, त्यातला एक मोडलेला निघाला. दीर म्हनला, "तरीच. मला वाटलं माजीच कंबर मोडली."

पोरानं पाटे वाढवले, ओझ्यानं गाडी बसू न्हाई म्हनून. त्यानं गाडी वर उचलली गेली. मी जवळ जाऊन उभी राहिले तर आधी फाळका माज्या कमरंला यायचा, आता छातीला आला. मनात म्हनलं, संपलं. आधी तरी चढले असते.

तव्हापर्यंत मी कुनाला बोलले नव्हते की मला यायचंय. आमच्यात बाई मागत न्हाई लवकर. मी रोज बाभळीखाली बसायची, तो काय करतो ते बगायची. लोखंडाच्या अँगलचा पिंजरा उभा केला त्यानं. मधी एक माळा केला, खाली सामान आन् वर कोकरं. टपावर सोलरची पाटी बसवली, मोबाइलला आन् रानातल्या बल्बाला. बाजूला पान्याची टाकी, तिला खालून तोटी. पुढच्या दिव्याच्या जागी पांढरे दिवे आले, असे की बगितलं की डोळं झाकावं. एकेक बगून मला वाटायचं, ह्यातलं एक बी आमच्या टायमाला असतं तर. हंडा डोक्यावर घेऊन मी कुठल्या कुठल्या हिरीला गेले ते माजं मला ठावं. तरी पन वंगाळ वाटायचं न्हाई. नुसतं वाटायचं, मला त्याच्यात बसून एकदा पुलापर्यंत जायचंय.

एक दिवस तो पुढची फळी खोलत व्हता, काचंच्या खालची. आतून घोडीची घंटी निघाली. घोडी गेल्यावर पोरानंच ठेवली आसंल कवा तरी, आन् इसरला. त्यानं ती भंगाराच्या घमेल्यात टाकली. मी उठले, घमेल्यातून काढली, पदरानं पुसली आन् त्याला म्हनलं, "ही आरशाला बांध. आन् मला बी ने."

त्यानं ग्राइंडर बंद केलं. म्हनला, कुठं?

"दिंद्रुडला."

त्यानं ग्राइंडर खाली ठेवलं. मंग लई समजून सांगितलं. थंडी हाय, रानात झोपायचं, गुडघ्याचं काय, मधीच दवाखान्याचं काम निघालं तर मेंढरं कुनी बगायची. त्यात चूक काईच नव्हतं. शेवटी म्हनला, "धारूरपर्यंत ये. तिथं ताईकडं उतर. तिच्याकडं ऱ्हा थंडीभर, तिला बी बरं वाटंल." माजी लेक धारूरला दिलेली हाय. तीच, जी पाटलिनीच्या अंगावर प्यायली. मी म्हनलं, बरं. नको म्हनले असते तर दारातच राहिले असते.

दुसऱ्या दिवशी बगते तर त्यानं पुढच्या दाराखाली लोखंडाची पायरी जोडली. दोन टप्प्याची, खाली लोंबती. टप्प्यावर पाय घसरू न्हाई म्हनून खरबरीत पत्रा. मला हात धरून चढवून बगितलं. एक टप्पा उंच वाटला तर परत कापून खाली घेतला. दीर म्हनला, "येवढी पायरी तर देवळाला बी न्हाई वयनी." मनात म्हनलं, धारूरपर्यंतच न्यायचं म्हातारीला, तिच्यासाठी येवढी पायरी. मी ती रातच्याला चोरून न्हाई, दिवसा समद्यांच्या देखत हात लावून बगायची. चांगली झालती.

पायरीच्या कामात रंगाला उशीर झाला. आमी दिवाळीचा पाडवा झाला की निघतो, तो दिवस हलवत न्हाई. मेंढरांना ओवाळलं, भंडारा उधळला की पाय उचलायचा. पोरानं आदल्या दिवशी पिंजऱ्याला तो लालभडक रंग देला, लोखंड गंजू न्हाई म्हनून आधी देतात तो. वरचा निळा रंग द्यायचा राहिला. म्हनला, सकाळपर्यंत सुकंल. थंडी व्हती, कसा सुकतोय. आमी कोकरं वर माळ्यात भरली, मेंढरं घेऊन दीर आन् सून पायी निघाले, आन् मी पायरीवरून चढून पुढं बसले. पहिल्यांदा. घर मागं जाताना बगितलं तर इतकं लवकर गेलं की नीट बगून व्हईना.

आमी मुक्कामाच्या जागी दुपारीच पोचलो. मेंढरं दिवस बुडायच्या टायमाला आली, थानं भरलेली, कोकरासाठी वरडत. पोरानं फाळका उघडला. कोकरं उड्या टाकून भाईर आली आन् समदी लाल. कुनाची पाठ लाल, कुनाचं तोंड लाल. वास तर असा की आपलंच डोकं धरावं. मेंढी कोकराला नाकानं वळखती. एकेक मेंढी आपल्या लेकरापाशी यायची, वास घ्यायची आन् मागं सरायची. कोकरू तोंड घालाया गेलं की ढुशी. समदा गोंधळ झाला. कोकरं रडतात, मेंढ्या रडतात, आन् दोघं समोरासमोर उभे.

दीर पोराला म्हनला, "लई भारी केलीस रं गाडी. लेकरं बी वळखंना केलीस."

पोराचं तोंड उतरलं. मी म्हनलं, आता बोलून काय. जिथं मेंढरं उभी व्हती तिथली माती, मुतानं भिजलेली, ती मी ओंजळीनं घेतली आन् कोकरांना चोळाया लागले. सुनंनं बी घेतली. हे कुनाला शिकवावं लागत न्हाई, आई मेलेलं कोकरू दुसरीला लावायचं तर असंच करतात. पन हात कमी पडत व्हते. एकानं मेंढीचा मागचा पाय धरायचा, एकानं कोकरू तोंडाला लावायचं. मी खाली बसले, मांडीशी मेंढी आवळून धरली आन् एकेक कोकरू पाजलं. आपलं दूध पोटात गेलं की मंग मेंढीला त्याचा वास येतो आन् ती चाटाया लागती. कुनी लवकर घेतलं, कुनी लई तंगवलं. चार-पाच दिवस रोज सांजंला हेच काम. पुढच्या मुक्कामाला पोरानं पिंजऱ्याला आतून जुनी पोती बांधली तव्हा रंग लागायचा थांबला. पन एका काळ्या मेंढीनं शेवटपर्यंत घेतलं न्हाई. तिला रोज धरावंच लागायचं, आन् धरायला मीच.

घाटाच्या अलीकडं धारूर आलं. किल्ल्याचा बुरूज लांबूनच दिसतो. मी माजी पिशवी मांडीवर घेऊन बसले व्हते, आतमधी दोन लुगडी आन् काळी दोरी. लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी पोरानं गाडी हळू केली. मी पायरीकडं बगत व्हते. आरशाला घंटी हालत व्हती. जे बोलायचं ते बाभळीखाली बोलून झालतं.

तो म्हनला, "त्या काळ्या मेंढीला कोन धरनार?"

मी म्हनलं, "तुजी तू बग."

त्यानं गाडी उभी केली, लेकीला तिथंच रस्त्यावर बोलावून घेतलं. ती आली, माज्या पायरीवर उभी राहून माज्याशी बोलली. तिला सांगितलं कुठं चालले ते. ती म्हनली, "त्या मायला सांग, मी बरी हाय." मंग खाली उतरली आन् गाडी घाटाला लागली.

घाट मी जितक्या येळा उतरले तितका चालत. कुठल्या वळनावर बसायला दगड हाय, कुठं सावली हाय, समदं पायाला ठावं. गाडीतून एक बी दगड दिसला न्हाई. बसायचं ठिकान आलं आन् गेलं. पोरानं नवे पाटे कसे धरतात ते मला दाखवलं, वळनावर गाडी झोल खात नव्हती. मी म्हनलं, चांगलं केलंस. आन् मान वळवून मागं बगत राहिले.

पुलावर आलो तव्हा दुपार व्हती. मेंढरं मागं, दुसऱ्या दिवशी येनार, तोवर कोकरांना बाटलीनं दूध. कालव्यात पानी व्हतं. पाटलाच्या रानात आता ऊस, पन आखाडा तोच. गाडी बांधाला उभी केली, पोरानं हात देला, मी पायरीवरून उतरले. दारात कुनी नव्हतं. आत बाजंवर आक्का बसलेली. बारीक झालती. डोळ्यावर पांढरं आलतं. मी लांबूनच म्हनलं, "आक्का."

ती म्हनली, "कोन हाय?"

"मी गं. घोडीवाली."

तिनं मान हालवली. रागानं न्हाई, समजावल्यासारखी. म्हनली, "न्हाई बाई. ती चालत येती."

मी जवळ बसले. हात धरला. तिनं हात काढून घेतला न्हाई, पन पाहुनीचा धरावा तसा धरला. म्हनली, "कुठल्या गावच्या तुमी? पानी प्या. सूनबाई, पानी आना ह्यांना." तुमी म्हनली मला. मी लेकीचं सांगितलं, मालकाचं सांगितलं, काळी दोरी तिच्या हातात देली. तिनं दोरी बोटानं चाचपली आन् म्हनली, "अशी दोरी माजी एक बाई आनती. औंदा उशीर केला तिनं."

तिची सून मला भाईर घेऊन आली. म्हनली, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. कवा कवा मला बी इचारतात तू कुनाची." मी म्हनलं, न्हाई लावत. चा घेतला. राती गाडीपाशी झोपले. पोराला काई सांगितलं न्हाई, पन त्यानं ऐकलं आसंल. तो सकाळी म्हनला, माय, परत जायचं का धारूरला, सोडून येतो. मी म्हनलं, मेंढरं कवा येतात?

ऊन कलाया लागलं तव्हा पुलापलीकडं धूळ दिसली. मी आरशाची घंटी सोडली. पोरगा इचाराया लागला, कुठं चाललीस, थांब, गाडी काढतो, पुलापर्यंत नेतो. मी म्हनलं, गाडी राहू दे तिथंच. काठी घेतली आन् निघाले. हाकंवरचा पूल, पन आता हाक लई लांबती. दोनदा बांधावर बसले. गुडघ्यातून आग निघत व्हती, ती निघू देली.

दीर पुढं व्हता. मला पुलावर बगून थांबला. म्हनला, "वयनी, घोडी कुठं हाय?"

मी म्हनलं, "मीच घोडी. चल."

सुनंनं काठीचा हात सोडून माजा दुसरा हात धराया बगितला. मी तिला म्हनलं, नको, त्या हातात घंटी हाय. मेंढरं माज्या दोन्ही अंगानं व्हऊन चालली, ती काळी मेंढी माज्या लुगड्याला घासून. लाल कोकरं गाडीतच व्हती, त्यांचा आवाज ऐकून मेंढ्या पळाया लागल्या. मी माज्या चालीनं चालले. घंटी हालवायची गरज पडत न्हाई, चालताना आपसूक हालती. तोच आवाज, खोकल्यासारखा.

आखाड्याच्या दारात आक्का उभी व्हती. कुनी धरून आनलं न्हाई तिला, तिची सून म्हनली नंतर, बाजंवरून आपली आपन उठल्या. कंबरंवर एक हात, दुसरा दाराला. तोंड माज्या बाजूला नव्हतं, जरा तिरपं, कान इकडं. मी जवळ जाऊस्तोवर ती तशीच उभी. माज्या अंगाला धूळ, घाम, मेंढराचा वास. मी दम घ्यायला थांबले.

"उशीर केलास गं घोडीवाले," ती म्हनली. "भाकरी वाळून गेली."

मी काठी दाराला टेकवली. मंग म्हनलं, तुज्या भाकरीसाठी कोन येतंय.

तिनं माजा हात चाचपला, मनगटापसून बोटापर्यंत. म्हनली, तसाच हाय, खोरं. मी खाली दारातच बसले, ती माज्याजवळ बसली. तिनं लेकीचं इचारलं. मी सांगितलं, बरी हाय, तुला सांगाया लावलंय. तिनं मालकाचं इचारलं, ते मागं मेंढराजवळ हायेत का. मी म्हनलं, हायेत. आत तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज येत व्हता.

"आन् घोडी कुठं बांधलीस?" ती म्हनली.

मी तिकडं बगितलं. बांधाला पिकप उभी व्हती, लाल पिंजऱ्याची, पायरी खाली लोंबत असलेली, आन् पोरगा फाळका उघडून कोकरं खाली सोडत व्हता.

"बांधाला," मी म्हनलं. "पानी दावलंय तिला."